करपलेल्या भाकरीचा मान

लग्न होऊन मी अकलूजहून सोलापूरला आले, त्याच आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी स्वयंपाकघरात भांडण चाललंय असं समजून मी दाराबाहेरच थबकले. आत सासरे चढ्या आवाजात कुणाला तरी फैलावर घेत होते. "ज्या रस्त्यासाठी तुम्ही दरवर्षी नारळ फोडता, त्या रस्त्यावर आजवर डांबर कमी आणि नारळ जास्त पडलेत!" आणि त्याला उत्तर म्हणून सासूबाई नुसती थाप थाप थाप भाकरी थापत होत्या. मला वाटलं, या घरात नारळावरूनही एवढी भांडणं होत असतील तर आपलं काही खरं नाही. घाबरत आत डोकावले. आप्पा दाराजवळच्या खुर्चीत बसून हातातल्या कागदावरून वाचत होते, आई त्यांच्याकडं पाठ करून जमिनीवर मांडलेल्या शेगडीपुढं बसल्या होत्या, आणि दोघंही अगदी मजेत होते.

"ये की आत," आप्पा म्हणाले. "आणि जरा बघ, आत्ता हिचा हात थांबला होता का?"

नवी नवरी काय सांगणार? मी म्हटलं, "थांबला होता." खरं तर मी बघितलंच नव्हतं. पण नवीन घरात कुणी काही विचारलं तर हो म्हणावं, एवढंच मला माहेरून शिकवून पाठवलं होतं.

ही काय भानगड आहे ते मला पुढं हळूहळू कळलं. आप्पा हायस्कूलात मास्तर होते, पण गावात त्यांना ओळखत ते इथल्या एका दैनिकातल्या रविवारच्या राजकीय सदरामुळं. तीसएक वर्षं तरी ते सदर चाललं. बुधवारी लिहायचं, गुरुवारी सकाळी आईंना वाचून दाखवायचं आणि दुपारच्या आत स्कूटरवरून पेपरच्या कचेरीत नेऊन द्यायचं, हा रिवाज. वाचून दाखवायचं म्हणजे मत विचारायचं नाही. आई अक्कलकोटकडच्या, घरात कानडी, शाळा चौथीपर्यंत. राजकारणावर त्यांनी कधी मत दिलं नाही आणि आप्पांनी कधी मागितलं नाही. आप्पांचं सगळं लक्ष त्यांच्या हाताकडं. वाक्य वाचताना थापणं चालूच राहिलं, तर आप्पा त्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारत; ते वाक्य जायचं. हात क्षणभर थांबला, की वाक्य राहायचं. आणि एक भाकरी हाताखाली असते तेव्हा दुसरी तव्यावर असते. हात जरा जास्तच वेळ थांबला, तर तव्यावरची करपायची.

ही करपलेली भाकरी आप्पांच्या ताटात जायची. हट्टानं. दुसऱ्या कुणी घेतलेली त्यांना चालायची नाही. आमच्या ह्यांनी लहानपणी एकदा ती चुकून खाल्ली, तर आप्पा दिवसभर बोलले नाहीत म्हणे. काळी, कडू, कडा कोळसा झालेली ती भाकरी शेंगाचटणी लावून आप्पा असं काही खायचे, जणू कुणी फेटा बांधून सत्कार केलाय. कचेरीत गेल्यावर संपादकांना म्हणायचे, "आज एक करपली." मग संपादक लेख न वाचताच पुढं पाठवायचे, असं आप्पांचं म्हणणं. संपादकांचं म्हणणं मी कधी विचारलं नाही. घरातल्या गोष्टी दोन्ही बाजूंनी तपासायला लागलं की त्यांतली मजा जाते.

मध्ये एका पावसाळ्यात आईंचं मनगट मोडलं. महिनाभर प्लास्टर. भाकऱ्या माझ्याकडं आल्या, आणि गुरुवारही. आता माझ्या भाकरीबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. गोल सोडून बाकी सगळे आकार मला येतात. शिवाय ती परातीतून उचलेपर्यंत कुठं ना कुठं फाटते. मग मी थांबते, पाण्याचं बोट लावून ठिगळ देते, पुन्हा थापते, पुन्हा थांबते. आप्पा मागं बसून वाचत होते आणि माझा हात वाक्यावाक्याला थांबत होता. त्या महिन्यात आप्पांनी एकही वाक्य खोडलं नाही. लेख दुप्पट झाला, संपादकांनी शेवटी तो दुसऱ्या पानावर ओढला, आणि एका पुढाऱ्याच्या नव्या गाडीच्या रंगावर परिच्छेदच्या परिच्छेद छापून आले. पुढाऱ्यांचा फोन आला. तक्रार नव्हती, गाडी कुठं घेतली तेही लिहायला हवं होतं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

महिना संपता संपता आप्पा खुर्ची सरकवून माझ्या शेजारी येऊन बसले, परातीत बघितलं आणि म्हणाले, "सूनबाई, तू माझ्यामुळं थांबत नाहीस, पिठामुळं थांबतेस."

"आप्पा, मी प्रयत्न करायले की."

"करतेस गं. पण पुढाऱ्याच्या गाडीला ठिगळ लागलं नसतं तर बरं झालं असतं."

तेव्हापासून भाकरी-परीक्षक म्हणून माझी नेमणूक रद्द झाली, ती कायमची. मी कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते. तिथं माझ्या सहीला किंमत आहे. घरात माझ्या भाकरीला नाही.

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे गेल्या वर्षी आईंचा हात थांबेनासा झाला.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. भाकऱ्या उलट सुरेख व्हायला लागल्या होत्या. एकसारख्या, पांढऱ्या, टम्म फुगलेल्या. आम्ही खात होतो आणि वाहवा करत होतो. फक्त आप्पांच्या कागदावर पेन्सिलीच्या रेघा वाढत चालल्या. ते वाचायचे, आई थापत राहायच्या. ते आवाज चढवायचे, आई थापत राहायच्या. सदर आखूड होत गेलं. मग आप्पांनी भाषा तिखट केली. गुळगुळीत टोमणे मारणारा माणूस शिव्यांच्या जवळ जायला लागला. तरी थाप थाप थाप. कितीतरी महिने घरात एकही भाकरी करपली नाही.

आणि एका गुरुवारी आप्पा कचेरीत लेख न घेता गेले आणि थांबतो असं सांगून आले.

रविवारी त्यांच्या जागी चौकट आली. प्रदीर्घ सेवेबद्दल आभार, वाचकांचं प्रेम, वगैरे. फोटो मात्र तोच जुना, काळ्याभोर केसांचा. लोकांचे फोन आले. ज्यांना आप्पांनी आयुष्यभर सोलून काढलं, असे दोन-तीन पुढारीसुद्धा घरी येऊन गेले. एकजण तर रुमाल काढून म्हणाला, "सर, आता आमच्याकडं बघणार कोण?" गल्लीतल्या चहावाल्यानं विचारलं, "आप्पा, आता रविवारी आमी काय वाचायचं?" आप्पा म्हणाले, "भविष्य वाच. त्यात निदान चांगलं काही लिहिलेलं असतं."

आम्हाला सगळ्यांना वाटलं, वय झालं, थकले. ते तसं सांगतही होते. पण पुढच्या गुरुवारी मी ऑफिसला निघताना बघितलं, तर आप्पा कपडे करून, स्कूटरची किल्ली हातात घेऊन पुढच्या खोलीत बसलेले. कुठं जायचं नव्हतं. आतून थाप थाप ऐकू येत होती.

"आप्पा, बरं वाटत नाही का?"

त्यांनी आत बघितलं, आवाज खाली आणला. "तुला म्हणून सांगतो. हिला बोलू नकोस. माझ्या लिहिण्यात आता काही राहिलं नाही गं."

"कोण म्हणतं?"

"तिचा हात म्हणतो. वर्ष होत आलं, थांबला नाही एकदाही. संपादक तोंडावर गोड बोलतील, तुम्ही पोरं गोड बोलाल. तो हात खोटं बोलत नाही. मी संपलो, ते त्याला आधी कळलं. पेपरला कळायच्या आत उठावं म्हणून उठलो."

मी त्यांचं सदर गेली कित्येक वर्षं वाचत होते, पण खरं सांगायचं तर मीसुद्धा आधी भविष्य वाचते. "नाही हो आप्पा, चांगलं लिहिता की" असं काहीतरी पुटपुटले. त्यांनी किल्ली खुंटीला अडकवली. त्यानंतर ते पेपर घेऊन बसायचे ते थेट क्रिकेटच्या पानावर. ज्या माणसाला महापालिकेतल्या प्रत्येक खुर्चीची कुंडली पाठ होती, तो मला विचारायला लागला, "आज कोण जिंकलं?"

आमच्या भागात नळाला पाणी रोज येत नाही, पाळीनं येतं. पाळीच्या सकाळी आमची गल्ली कशी असते, ते बघायला हवं. शेजारच्या मावशी गच्चीतून एकदा तेलुगूत आणि एकदा मराठीत ओरडतात, "पाणी आलं!" आणि त्या हाकेसरशी यंत्रमागाचा खडखडाट, टीव्ही, पूजा, सगळं मागं टाकून अख्खी गल्ली हंडे-कळशांकडं धावते. लग्नाच्या मांडवातून बायका उठून गेलेल्या मी बघितल्यात. त्या दिवशी मी बाथरूममध्ये होते. मावशी ओरडल्या. तेलुगूत, मराठीत, पुन्हा मराठीत. आईंची काही हालचाल नाही. मी डोक्याला साबण तसाच ठेवून बाहेर आले, तर आई शेंगा फोडत निवांत बसलेल्या.

सोलापूरची बाई 'पाणी आलं' ऐकून जागची हलत नाही, म्हणजे काहीतरी गंभीर आहे, हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. मी त्यांच्या पाठीमागं उभी राहून हळूच म्हटलं, "आई." काही नाही. जरा मोठ्यानं, "आई, पाणी आलं." काही नाही. शेवटी मी अशा मोठ्यानं ओरडले की गच्चीतल्या मावशी वरून म्हणाल्या, "कळलं की! मीच तर सांगायले!" तेव्हा कुठं आईंनी वळून बघितलं.

"अय्यो, अशी फेस घेऊन काय उभी हाईस?"

पाणी भरून झाल्यावर मी त्यांच्यासमोर बसले. डोळ्यांत डोळे घालून, स्पष्ट विचारलं, "आई, तुम्हाला ऐकू कमी येतं का?"

"मला? मला काय धाड भरलीय? चांगलं येतंय की."

"मग टीव्ही एवढा मोठा का लावता?"

"त्या शिरेलीतल्या बायकाच बारीक बोलत्यात."

"आणि गुरुवारी आप्पा वाचतात ते ऐकू येत होतं?"

आई शेंगेचं एक टरफल उगाच चुरत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते कुटं येतंय गं आता. आवाजच बसलाय त्यांचा. आधी कसं खणखणीत वाचायचे, भिंती हालायच्या. आता नुसतं पुटपुटत्यात. वय झालं. मी म्हटलं, आपण बोलून दाखवलं तर वाईट वाटंल. म्हणून गप थापत बसायची. हात थांबला तर विचारतील, काय झालं. म्हणून थांबायचीच नाही."

मी तिथंच फरशीवर मटकन बसले. म्हणजे बसलेलीच होते, आणखी बसले. आप्पांना वाटत होतं, आपलं लिहिणं गेलं. आईंना वाटत होतं, आप्पांचा आवाज गेला. दोघंही एकमेकांना जपत होते. आणि या जपण्यात शहराचं सदर गेलं.

आईंना कानाच्या डॉक्टरांकडं न्यायला मला आणि ह्यांना मिळून बरीच नाटकं करावी लागली. डॉक्टर म्हणाले, बरेच दिवस झालेले दिसतात, घरात कुणाच्या लक्षात आलं नाही? आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. काय सांगणार, भाकऱ्या चांगल्या होत होत्या म्हणून?

कानात यंत्र बसलं त्या दिवसापासून आई जगावर नाराज. "किती गोंधळ करता तुमी लोक! ही तुझी बांगडी एवढी वाजती? ह्या मागांचा खडखडाट आदीपासून एवढा हाय? आन् रात्रीचा हा ट्रॅक्टर कोण चालवतंय?" ट्रॅक्टर म्हणजे आमचे हे. ते तेव्हापासून कुशीवर झोपतात.

गुरुवारी हात का थांबत नव्हता, ते मी आप्पांना सांगितलं. चहा देता देता, सगळं, आईंच्या शब्दांत. आप्पा ऐकत राहिले. चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मला वाटलं, रडतात की काय. तर ते हसायला लागले. बशीतला चहा सांडेपर्यंत हसले.

"पुटपुटतो म्हणे! मी! अगं, शेवटचे दोन महिने मी एवढा ओरडून वाचत होतो की घसा धरला होता माझा!"

त्याच गुरुवारी मी त्यांना बळेच खुर्चीत बसवलं. न छापलेला शेवटचा लेख, रेघांनी भरलेला, त्यांनी काढला. आई थापायला बसल्या. आप्पा नेहमीच्या आवाजात वाचायला लागले. "आपल्या शहराचा विकास झाला नाही असं कोण म्हणतं? प्रत्येक निवडणुकीत फलक मोठा होतो, त्यावरचे चेहरे वाढतात. एवढ्या वर्षांत वाढला नाही तो फक्त फलकामागचा दवाखाना."

हात थांबला. आई वळल्या. "व्हय की! त्या दवाखान्यात अजून तोच एक बाक हाय!" आणि तव्यावरून धूर निघाला.

आप्पांनी ती भाकरी खाल्ली. सगळी. कडांसकट. मी मुद्दाम दुसरीकडं बघत होते.

मला वाटलं, झालं, आता संपादकांना फोन. मी मोबाईलसुद्धा हातात घेतला होता. आप्पा म्हणाले, "नको. ठेव तो."

"अहो पण आता तर कळलं ना, तुमचं लिहिणं जागेवर आहे!"

"कळलं. तेवढंच हवं होतं. आता मला कुणी उठवलं नाही, मी उठलोय. लई वर्षं केलं. शिवाय त्यांनी ती जागा पेपरातल्याच एका वार्ताहर मुलीला दिलीय. तिनं काय करायचं?"

खरं सांगते, मला राग आला. त्या मुलीचे दोन लेख मी वाचले होते, भविष्याच्या आधी. पहिल्या लेखात ती मुद्द्यावर येईपर्यंत माझा चहा गार झाला होता. माझ्याही गोष्टी लांबतात, हे म्हणतात तसं. पण मी त्या पेपरात तरी छापत नाही. मी बडबडले, ते आप्पांनी ऐकून घेतलं. क्रिकेटचं पान मात्र त्या आठवड्यापासून बंद झालं. ते तिचे लेख वाचत होते, आणि हातात पेन्सिल होती.

मग तिचाच फोन आला. मी उचलला. बिचारी घाबरत बोलत होती. सरांच्या जागी लिहायचं म्हणजे दडपण येतं, लोक तोंडावर चांगलं म्हणतात, काही कळत नाही. सर एकदा नजर टाकतील का? आप्पांनी फोन घेतला. "मी नजर टाकून उपयोग नाही. गुरुवारी सकाळी घरी ये. लेख घेऊन ये. आणि भुकेली ये."

ती आली. तिशीची असेल. खांद्याला लॅपटॉपची बॅग, पायांत बूट, ते काढून ठेवताना मोजा फाटलेला दिसला आणि मला ती एकदम आवडली. आप्पांनी तिला स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि आपण माझ्या शेजारी ओट्याला टेकून उभे राहिले. "वाच. हिच्याकडं बघू नकोस. मोठ्यानं वाच."

ती वाचायला लागली. लेख पाण्यावर होता. आकडे होते, धोरण होतं, योजना होत्या. थाप थाप थाप. आप्पांची पेन्सिल त्यांच्याजवळच्या प्रतीवर सरसर चालली होती. मुलगी मधेच आईंच्या पाठीकडं बघायची. तिला वाटत असणार, या बाईंना आपण आल्याचंही कळलेलं नाही. मला तिची दया यायला लागली. मी आईंच्या कानाकडं बघून घेतलं, यंत्र जागेवर होतं. थाप थाप. एक पान गेलं. आप्पांच्या कपाळावर आठी. माझ्या मनात आलं, एखादी भाकरी मी थापायला घ्यावी, म्हणजे निदान फाटल्यावर हात तरी थांबेल.

मुलगी पाणी प्यायली आणि तिनं दुसरं पान उलटलं.

"आमच्या गल्लीत नळाला पाणी आणि दाराला उमेदवार, दोघंही पाळीनं येतात," तिनं वाचलं. "त्यातलं पाणी निदान भांडी भरून जातं."

थाप थांबली.

आई हातातलं पीठ तसंच ठेवून सावकाश वळल्या आणि मुलीकडं पहिल्यांदा नीट बघितलं. "कुठल्या गल्लीत राहतीस गं तू?" त्यांनी विचारलं. मुलीनं सांगितलं. "तिथं कुटल्या दिवशी येतंय पाणी? आमच्याच दिवशी? आन् प्रेशर?" मुलगी सांगायला लागली. आई ऐकायला लागल्या. धूर छतापर्यंत गेला तेव्हा मी उलथनं घेऊन धावले, पण आप्पांनी माझा हात धरला. "राहू दे. होऊ दे पुरती."

पानं वाढली. आप्पांनी सवयीनं त्या काळ्या भाकरीकडं हात नेला, उचलली, आपल्या ताटावर धरली. मग तशीच पुढं नेऊन मुलीच्या ताटात ठेवली. बाजूला शेंगाचटणी, दही.

मुलीनं भाकरीकडं बघितलं. टोपलीत पांढऱ्याशुभ्र भाकऱ्यांची चवड होती, आणि पाहुणीला कोळसा. तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्याकडून काहीतरी खुलासा येईल म्हणून. मी ताकाचा ग्लास पुढं केला.

"खा, खा," आई म्हणाल्या. "तुझ्यामुळंच करपलीय."

तिनं एक घास मोडला. कडवटपणानं डोळे बारीक झाले, पण चावला, गिळला. आप्पा टक लावून बघत होते, पेन्सिल आता कानावर. तिनं दुसरा घास घेतला, मग तिसरा. भूक लागली होती खरीच. ताट पुसून झाल्यावर तिनं संकोचत विचारलं, "काकू, अशीच आणखी एक आहे का?"

"ते आता तुझ्यावर आहे," आप्पा म्हणाले. "पुढच्या गुरुवारी बघू."